गळाला कोणता किडा, कोणत्या हंगामात : कृष्णा-वारणाकाठची जिवंत आमिषं

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंधाऱ्यावरच्या दिव्याभोवती पंखवाली वाळवी उठते. अर्ध्या तासात दिव्याखालचं पाणी पंखांनी भरून जातं आणि खालून चिलापी (तिलापिया) माशांची चुळूक-चुळूक सुरू होते. अशा वेळी कणकेची गोळी टाकून बसलेल्याच्या बोयाला (तरंगत्या खुणेला) कोणी हात लावत नाही, आणि शेजारी दोन वाळव्या टोचलेला गळ नीट बुडायच्या आत ओढला जातो. पाणी तेच, काठीही तशीच. फरक एवढाच की दुसऱ्याने त्या संध्याकाळी पाण्यात काय पडतंय ते बघितलं.

हंगामी किड्यांच्या आमिषाचं सगळं गणित यात आहे. सातारा-सांगलीत कुठला किडा कधी मिळेल हे कॅलेंडरपेक्षा पाऊस आणि पीक ठरवतं. वळीव लांबला तर वाळवी लांबते, भुईमूग उशिरा काढला तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, उशिरा हाती लागते. म्हणून खालचा क्रम महिन्यांचा दिसला तरी तो रानाकडे बघून पुढे-मागे करून घ्यावा.

किड्याला येणारे मासे आणि न येणारे

सगळे मासे किड्याला येत नाहीत. कटल्यासाठी किडे गोळा करायला गेलात तर दिवस वाया जाईल. तो पाण्यातलं बारीक तरंगतं खाद्य गाळून खातो. त्याला पेंड आणि कणीकच बरी. रोहू आणि मृगळ किड्याला क्वचित येतात, त्यांच्या भरवशावर बसू नये. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र तळाचा गाळ उकरून त्यातल्या अळ्या खातो, त्याला हुमणी चांगली चालते.

किड्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे चिलापी, शिंगटा, वाम, मरळ आणि वरच्या थरात फिरणारी बोटभर चंदेरी मासळी. चिलापी वरच्या आणि मधल्या पाण्यात, दिवसाउजेडी खाते. शिंगटा आणि वाम तळाला, अंधार पडताना आणि रात्री. मरळ शेवाळ-वेलींच्या कडेला दबा धरून असतो आणि हलणाऱ्या वस्तूवर झडप घालतो, त्यामुळे त्याला किडा जिवंतच लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाहत्या, खडकाळ पाण्यात खडशी म्हणजे आपला महसीर कधी नाकतोड्याला येतो. आला तर फोटो काढावा आणि सोडून द्यावा. आधीच तो नद्यांतून कमी झाला आहे.

गळ, तंगूस, बोया

किड्याच्या आमिषात सगळ्यात जास्त चूक होते ती गळाच्या मापात. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्याला दुकानात कोणी सांगत नाही. वाळवी आणि बारीक अळ्यांसाठी १२ किंवा १४ नंबर, मध्यम नाकतोडा आणि रातकिड्यासाठी ८ ते १०, पूर्ण वाढलेल्या हुमणीसाठी लांब दांडीचा ४ ते ६, आणि मरळासाठी मोठा नाकतोडा लावायचा असेल तर १ किंवा २ नंबर. तार बारीक असावी. जाड तारेच्या गळावर किडा टोचताना फाटतो, आणि तरंगायला हवा तो बुडतो.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, चिलापीला ०.१८ मिलिमीटर जाडीचा पुरे होतो, शिंगटा-वामीला ०.२५ ते ०.२८, मरळाला ०.३० च्या खाली जाऊ नये, कारण तो लागला की थेट वेलीत घुसतो.

वरच्या पाण्यासाठी दहा-बारा फुटी वेताची किंवा बांबूची काठी पुरते. बोया म्हणून ज्वारीच्या ताटाची वाळलेली, साल काढलेली दोन-अडीच इंचाची कांडी उत्तम. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या बोयापेक्षा ती हलकी असते आणि चिलापीचा हलका चिमटाही दाखवते. तासा-दोन तासांत पाणी पिऊन जड होते एवढाच दोष. म्हणून खिशात चार कांड्या ठेवाव्यात. तळासाठी १० ते २० ग्रॅम शिसं तंगुसावर मोकळं सरकतं ठेवायचं, त्याखाली गाठ किंवा फिरकी, आणि तिथून गळापर्यंत एक ते दीड फूट तंगूस. शिसं गळाजवळ घट्ट बांधलं तर वाम आमिष तोंडात घेताच वजन जाणवून ते टाकून देते.

वळीव ते मृग : वाळवीची पाखरं

पाऊस थांबल्यावर हवा कोंदट, वारा पडलेला आणि जमीन ओली, अशी संध्याकाळ वाळवीची. गोळा करायला दिव्याखाली पसरट टबात एक इंच पाणी ठेवतात ती पद्धत सोपी आहे, पण आमिषाला वाईट. पाण्यात पडलेली वाळवी तासाभरात मरून मऊ होते. त्यापेक्षा दिव्याखाली पांढरी चादर अंथरावी, कडेला चारही बाजूंनी थोडी उचलून ठेवावी. वाळवी खाली पडते, आपोआप पंख झाडते आणि चालू लागते. मग मऊ झाडूने गोळा करून एक लिटरच्या डब्यात भरायची. झाकणाला सुईने वीस-पंचवीस भोकं पाडावीत, आत कोरड्या वर्तमानपत्राच्या चिंध्या टाकाव्यात. चिंध्या ओलावा शोषतात आणि वाळव्या एकमेकींवर चढून गुदमरत नाहीत. एका डब्यात दोन-तीनशेच्या वर भरू नयेत.

फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या तर दीड-दोन दिवस जिवंत राहतात. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहावं, नाहीतर सकाळी घरात महाभारत होतं.

गळाला लावताना १४ नंबरवर दोन, १२ वर तीन. डोकं आणि पोट यांच्या मधल्या टणक भागातून टोचायचं. पोट मऊ असतं. तिथून टोचलं तर पहिल्याच फेकीत पोट गळून पडतं आणि गळावर फक्त डोकं राहतं. वाळवी पाण्यावर तरंगायला हवी म्हणून गळाजवळ शिसं अजिबात नको. बोयापासून गळापर्यंत फूटभर तंगूस सैल ठेवून वाऱ्याच्या दिशेने सोडून द्यायचं.

नदी चढून गढूळ, वाहती झाली की वाळवी मुख्य धारेत निरुपयोगी ठरते. तेव्हा ती फक्त काठालगतच्या संथ भोवऱ्यात, ओढ्याच्या तोंडाशी किंवा पाझर तलावात लावावी. हरिपूरच्या संगमासारख्या ठिकाणी दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा असला तर दोन रंग मिळतात त्या रेघेच्या स्वच्छ बाजूला टाकावं.

उरलेली वाळवी कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून, गार करून बंद बरणीत ठेवली तर महिनाभर टिकते. ती गळाला नाही, चाऱ्याला : एक किलो भाताचा कोंडा, पाव किलो शेंगदाणा पेंड, एक वाटी परतलेली वाळवी, आणि मूठ वळेल एवढंच पाणी. लिंबाएवढे पाच-सहा गोळे बसण्याआधी अर्धा तास टाकावेत. याहून जास्त टाकलं की मासा चारा खाऊन तृप्त होतो आणि गळाकडे बघत नाही.

हुमणी : या भागातलं सगळ्यात भरवशाचं आमिष

उसाच्या पट्ट्यात राहून ज्याला हुमणी माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. आपल्याकडे तिच्या दोन मुख्य जाती : माळरानावरची होलोट्रॅकिया आणि नदीकाठच्या मळीच्या (गाळाच्या) रानातली ल्युकोफोलिस. मासेमारीसाठी दोन्ही सारख्याच. अळी पांढरट, कोयत्यासारखी वाकलेली, डोकं तपकिरी, पायांच्या तीन जोड्या. तिसऱ्या अवस्थेतली अळी करंगळीएवढी जाड होते आणि आमिषाला तीच हवी. ही अवस्था साडेचार महिन्यांच्या आसपास चालते, म्हणून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत मोठी हुमणी सलग मिळते.

शोधायची कुठे? उसाचं बेट वरून पिवळं पडलेलं आणि धरून ओढलं की मुळासकट सहज हातात येत असेल तर खाली वीतभर खोलीत हुमणी आहे. पण उभ्या उसात न विचारता खुरपं चालवू नये. त्यापेक्षा सोपी संधी म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधली भुईमुगाची काढणी, आणि सोयाबीन निघाल्यावरची नांगरट. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या उतरल्या की तिथेच जायचं. शेतकरी हुमणीला इतका वैतागलेला असतो की घमेलंभर मागितली तर दोन देईल. दुपारची नांगरट असेल तर लगेच वेचावी. उन्हात उघड्यावर पडलेली अळी दहा-पंधरा मिनिटांत काळवंडते.

जमीन वाळत गेली की हुमणी खाली खाली जाते. दिवाळीनंतर वीतभर खणून काही मिळालं नाही म्हणजे ती संपली असं नाही, पण आमिषासाठी हातभर खड्डे खणणं परवडत नाही. तेव्हा शेणखताचा जुना उकिरडा बघावा. त्यात गेंड्या भुंग्याच्या आणि इतर भुंग्यांच्या हुमणीसारख्याच, बऱ्याचदा तिच्याहून मोठ्या अळ्या असतात. मासे फरक करत नाहीत. फक्त शेणातल्या अळ्यांचं पोट काळ्या खाद्याने भरलेलं असतं आणि टोचताना फुटतं. त्या एक रात्र ओलसर मातीत ठेवून मग वापराव्यात.

साठवण. पाच लिटरचा रंगाचा डबा चालेल, पण आत रंगाचा वास राहिला असेल तर नको. जिथली अळी तिथलीच माती अर्धा डबा भरावी. ओल किती? मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने ढकलला की फुटावा. पाणी सुटलं तर जास्त, गोळाच झाला नाही तर कमी. डब्यात पंधरा-वीस अळ्या आणि गाजराचे दोन-तीन तुकडे. याहून गर्दी केली की अळ्या एकमेकींना चावतात. चावलेल्या जागी आधी तपकिरी ठिपका पडतो, दोन दिवसांत अख्खी अळी काळी होऊन सडते आणि बाकीच्याही जातात. दर दोन दिवसांनी डबा उपसून काळी पडलेली अळी काढून टाकावी. सावलीत, गार फरशीवर ठेवलेला डबा दोन आठवडे सहज चालतो.

आता टोचणं. इथे घाई केली की आमिष म्हणून रिकामी कातडी उरते. हुमणीच्या अंगात बहुतेक पाणीच असतं. कातडी पातळ, फक्त डोक्यालगतची आणि पायांजवळची तेवढी चिवट. अळी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात, पाय वर येतील अशी, अजिबात न दाबता धरावी. गळाचं टोक डोक्याच्या लगेच मागे, पायांच्या बाजूने आत घालावं आणि कातडीच्या अगदी खालून, पोटाच्या आत खोल न जाता, शेवटच्या पायांच्या जोडीमागे बाहेर काढावं. टोक आणि काटा दोन्ही उघडे दिसले पाहिजेत. नीट टोचलेल्या जागी पारदर्शक एखादाच थेंब येतो. पांढरं-करडं पाणी वाहू लागलं म्हणजे आतडं फुटलं. ती अळी टाकून दुसरी घ्यावी. पाठीतून आरपार टोचलेली अळी हमखास अशी फुटते.

वाहत्या पाण्यात, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिवंत हुमणी फार टिकत नाही. तिथे ती आधी थोडी घट्ट करून घ्यावी. पाणी उकळून गॅस बंद करायचा, दोन मिनिटं थांबायचं, अळ्या फडक्यात बांधून पाच-सहा सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाकायच्या. अंग ताठ आणि दुधाळ होतं, गळावरून सुटत नाही. दहा सेकंदांच्या वर गेलात तर अळी शिजून फुटते. घट्ट केलेली अळी अर्थातच वळवळत नाही. प्रवाह तिला हलवतो म्हणून ती धारेतच चालते, डोहात नाही.

डोहात तळाला लावली की शिंगटा दोन-तीन झटके देऊन सरळ घेऊन जातो, तेव्हा लगेच काठी उचलावी. वाम तसं करत नाही. ती आधी टोकाला धरून चघळते, तंगूस थरथरतो, थांबतो, पुन्हा थरथरतो. या थरथरीवर ओढलं तर दहापैकी आठ वेळा अर्धी अळी परत येते. तंगूस एका दिशेला सलग सरकू लागला की मगच ओढायचं.

भुंगेरे

हुमणीचा भुंगेरा मे-जूनमध्ये, वळवानंतर, अंधार पडताना जमिनीतून निघून कडुलिंब आणि बाभळीवर पाला खायला बसतो. झाडाखाली ताडपत्री टाकून फांदी हलवली की पावशेर भुंगेरे मिळतात, आणि शेतकऱ्याचंही काम होतं. एक मादी कमी म्हणजे पुढची काही डझन अंडी कमी. प्रकाश सापळ्यातले भुंगेरे मात्र आमिषाला घेऊ नयेत. सापळ्याखालच्या पाण्यात रॉकेल किंवा औषध असतं, आणि तो वास धुऊन जात नाही.

भुंगेऱ्याचे वरचे दोन टणक पंख खुडून टाकावेत, खाली मऊ पोट उघडं पडतं. गळ छातीच्या खालच्या बाजूने, पुढच्या पायांच्या मधून घालून मानेपाशी काढायचा. संध्याकाळी पाण्यावर, शिसं न लावता. मोठी चिलापी आणि मरळ दोन्ही येतात, पण चुका जास्त होतात, कारण टणक अंगामुळे गळ माशाच्या जबड्यात नीट रुतत नाही. हुमणी मिळत असताना भुंगेऱ्यामागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

गणपती ते दसरा : नाकतोडे

पाऊस उघडीप देतो, बांधावरचं गवत कमरेएवढं होतं, शिराळा-पाटणकडे भात निसवतं, तेव्हा नाकतोड्यांचा काळ. पकडायची वेळ पहाटे साडेसहा ते आठ. दव पडलेलं असतं, अंग गारठलेलं असतं, नाकतोडा उडी मारत नाही. पात्यावरून चिंचेसारखा तोडून घ्यावा. दहा वाजल्यानंतर त्याच बांधावर तुम्ही धावत राहता आणि तो पुढे उडत राहतो. ठेवायला अरुंद तोंडाची पाण्याची बाटली, बाजूला तापलेल्या सुईने भोकं, आत दोन-चार गवताच्या काड्या. मोठ्या तोंडाच्या डब्याचं झाकण उघडलं की एक घेताना पाच पळतात. बाटली उन्हात राहिली तर आतून घाम सुटतो आणि तासाभरात सगळे मरतात; ओल्या फडक्यात गुंडाळून झाडाखाली ठेवावी.

लावताना मागच्या तंगड्यांचा करवतीसारखा खालचा भाग खुडावा, वरची जाड मांडी राहू द्यावी. पाय पुरते ठेवले तर तो गवताला नाहीतर तंगुसालाच पकडून बसतो. मानेवर खोगिरासारखं कवच असतं. गळाचं टोक त्या कवचाच्या मागच्या कडेखालून घालून पुढे, डोक्याच्या मागे काढायचं. गळ कवचाखाली उथळच राहिला पाहिजे. असा टोचलेला नाकतोडा पंधरा-वीस मिनिटं पाय मारत राहतो, आणि मरळ खेचायला ती खळबळच लागते.

मरळासाठी बोया-शिसं काही नको. माण-खटावच्या पाझर तलावात किंवा सांगलीकडच्या जुन्या खाणींच्या पाण्यात वेलींच्या कडेपासून हातभर आत नाकतोडा अलगद टाकायचा आणि तंगूस सैल सोडायचा. पाणी फुटल्याचा ‘भप्प’ आवाज येतो. त्या आवाजावर ओढण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि म्हणूनच बहुतेकांचा मरळ सुटतो. आवाजानंतर मनात तीनपर्यंत मोजावं, तंगूस ताणला जाऊ द्यावा, मग काठी जोरात.

कास पठारावर किंवा कुठल्याही संरक्षित जागेत नाकतोडे पकडायला जाऊ नका. तिथलं गवत तुडवणंही चूक आहे.

रातकिड्याची पद्धत जवळपास हीच, गळ ८ ते १० नंबर. पकडायला रात्री टॉर्च घेऊन हिंडण्याऐवजी बांधाकडेला जमिनीच्या पातळीला तोंड येईल अशी काचेची बरणी पुरावी, आत गुळाचा खडा आणि भिजवलेल्या चपातीचा तुकडा. बरणीच्या तोंडाशी आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की किडा वर चढू शकत नाही. पाऊस असेल तर वर कौलाचा तुकडा टेकवावा.

थंडी : अळ्या आणि बारीक गळ

डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की चिलापी सुस्तावते. सकाळी सहाला जाऊन कुडकुडण्यात काही नाही. अकरा ते तीन, ऊन पडलेल्या उथळ कडेला बसावं. आमिष लहान, गळ १४ चा, तंगूस ०.१६. हरभऱ्यात घाटे अळी असते, मक्यात लष्करी अळी. ही दुसरी आपल्याकडे २०१८ पासून आली आणि आता कुठल्याही मक्याच्या पोंग्यात (वरच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत) भुशासारखी विष्ठा दिसली की आत बोट घातल्यावर सापडते. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची खूण. दोन्ही अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. शीतपेयाच्या नळीचे दोन इंची तुकडे कापून एकेकात एकेक अळी घालावी, दोन्ही टोकांना कापूस. कटकट वाटते, पण नाहीतर वीस अळ्यांच्या सकाळी पाच उरतात.

या दिवसांत आणखी एक आमिष थेट पाण्यातच मिळतं. वेण्णा, उरमोडी, वारणेच्या वरच्या अंगाला घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यात दगड उलटा केला की खालच्या बाजूला चतुराची पिल्लं चिकटलेली दिसतात : सहा पाय, पंख नसलेलं, चपटं मातकट अंग. दगडाच्या खालच्या अंगाला मच्छरदाणीचा तुकडा धरून दगड हलवायचा. त्याच पाण्यात, त्याच दिवशी वापरावीत. घरी आणली तर कोमट पाण्यात मरतात. दगड होता तसा परत ठेवावा, त्याखाली बाकीच्यांचं घर असतं.

फवारणीचा किडा

फवारलेल्या पिकातला किडा घेणं ही सगळ्यात मोठी चूक. द्राक्षबागेच्या आसपासचे किडे तर वर्षभर वर्ज्य समजा; तासगाव-मिरज पट्ट्यात हंगामात जवळपास रोज काही ना काही फवारणी चालते. उसात हुमणीसाठी औषधाची आळवणी (मुळाशी ओतणं) केली असेल तर त्या प्लॉटची हुमणी त्या हंगामात घेऊच नये. या औषधांपैकी काही माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतात, आणि तो मासा तुम्ही खाणार असता. विषबाधा झालेला किडा ओळखता येतो : उताणा पडतो, पाय थरथरतात, हात लावला तरी पळत नाही. अंगावर हिरवट किंवा पांढरी बुरशी चढून ताठ झालेली हुमणी मात्र बहुधा मित्रबुरशीने मेलेली असते. ती तिथेच रानात राहू द्यावी, तिच्यापासून बाकीच्यांना लागण होते.

हाताच्या वासाचंही तसंच. तंबाखू मळलेला हात, पेट्रोल, डास पळवायचं मलम, यांपैकी काहीही आमिषाला लागलं की चावे थांबतात. काठावर बसल्यावर आधी चिमूटभर माती हातावर चोळून हात धुवावेत.

काठावर बसण्याआधी

धरणं आणि बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. आधी विचारावं, परवानगी लागते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान हे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे गळ टाकायचा नाही. औदुंबर, माहुली, वाईसारख्या देवस्थानाच्या घाटांवरही नाही. तिथले मासे लोक पोसतात.

पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशांना मोकळं सोडावं, आणि नदी चढलेली असताना काठी घरीच ठेवावी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात, पण गळ घेऊन बसणाऱ्याने त्याच्या कितीतरी आधी उठायचं असतं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की बंधाऱ्याच्या भिंतीवर थांबू नये.

भिलवडी, औदुंबर, डिग्रज, ब्रह्मनाळच्या बाजूला कृष्णेत मगरी आहेत, आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. पाण्यापासून किमान दहा फूट मागे बसावं. तेवढ्यासाठी काठी लांब घ्यावी. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात लोंबकळत ठेवू नयेत, काठावर साफ करून आतडी पाण्यात फेकू नयेत. फेब्रुवारी ते जून मगरीची अंडी-पिल्लं काठावरच्या मातीत असतात. त्या काळात कपारीत, झुडपात शिरून किडे शोधू नका. शिंगटा-वामीसाठी रात्री बसायचं असेल तर ते तलावावर, या पट्ट्यातल्या नदीवर नाही.

शिंगटा गळावरून काढताना पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना जपावं. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवून ठेवल्याने ठणका कमी होतो. वामीच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, ती ओल्या गोणपाटानेच धरावी.

घरी परतताना उरलेली हुमणी दुसऱ्याच्या रानाकडेला ओतू नका. ती मरत नाही, तिथेच जमिनीत शिरते आणि पुढच्या वळवाला भुंगेरे होऊन निघते. कोंबड्यांसमोर डबा पालथा करा, दोन मिनिटांत काम होतं.